कच्चं मडकं

ख्रिसमसच्या आठवड्यात आमचा अमेरिकेतला क्लायंट गायब होतो. मेल टाकली की 'मी २ जानेवारीला परत येईन' असं आपोआप उत्तर येतं. त्यामुळे आम्हा आयटीवाल्यांना दिवाळीत मिळत नाही एवढी निवांत सुट्टी नाताळात मिळते!

गेल्या नाताळात मात्र सुट्टीच्या आदल्याच दिवशी मॅनेजरने वर्षाचा आढावा घेतला. "टेक्निकली तू उत्तम आहेस. पण तू ऐकून घेत नाहीस." विषय होता टीममधला एक ज्युनिअर. त्याचा कोड मी भर मीटिंगमध्ये ओळ न् ओळ सोलून काढला होता. तेव्हापासून त्याने मीटिंगमध्ये बोलणंच सोडलं आणि आता दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली होती. मला काही हे पटलं नाही. अहो, कोडमध्ये बग होताच ना?

डोकं भणभणलं होतं. दहा दिवस मौन पाळून राहू म्हणून इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात चौकशी केली, तर जागा नाही. शेवटी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि हिंगोलीला मामाकडे गेलो.

"मठात राह्याचं होतं म्हणं तुला?" आईने आधीच फोन केलेला दिसत होता. "मंग औंढ्याला चल. नामदेवालाबी तिथंच जावं लागलं होतं."

पहिल्या दिवशी नरसीला गेलो. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून हे ओळखलं जातं. गावात मंदिर आहे आणि गुरुद्वाराही. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, हे मला २०१५ साली पंजाबात घुमानला साहित्य संमेलन झालं तेव्हा पेपरात वाचून कळलं होतं. गाव आपल्या आजोळापासून इतकं जवळ, आणि पाहायला इतकी वर्षं लागली. असो.

दुसऱ्या दिवशी मामाच्या मोटारसायकलवरून औंढा नागनाथ. थंडी मस्त होती. वाटेत तूर आणि हळदीची शेतं. मंदिर खालून कोरीव दगडाचं आणि वर नंतरचं चुन्या-विटांचं बांधकाम. गाभारा जमिनीच्या खाली, अरुंद वाटेने वाकून उतरावं लागतं. ताठ मानेने जाता येत नाही, एवढं खरं.

दर्शनानंतर ओट्यावर बसलो तेव्हा मामाने गोष्ट सांगितली. तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. तेरला गोरोबा कुंभारांकडे संत जमले होते. कुठलं मडकं कच्चं ते बघा, असं मुक्ताबाईंनी सांगितलं. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला : हे मडकं कच्चं! मग त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागलं. तिथे बघतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. पाय ठेवावा तिथे पिंडी!

म्हणजे शिकायला आलेला माणूस आल्या आल्या समोरच्याची चूक काढतो. मला हसू आलं आणि लगेच गेलंही. मामाला मी ऑफिसचं अवाक्षर बोललो नव्हतो.

मी इतके दिवस स्वतःला थापटणं खाणारा समजत होतो. पण त्या मीटिंगमध्ये थापटणं माझ्या हातात होतं. आणि कुंभार मडक्यावर थाप मारतो ती आवाज ऐकायला. मी नुसतं मारलं. तो पोरगा काहीतरी सांगत होता, डेडलाइन आणि जुन्या मॉड्यूलबद्दल. काय सांगत होता ते मला आठवतच नव्हतं.

परतताना मामाने गाडी थांबवून माळाकडे हात केला. "तिकडं दुधाळ्याला ती लायगो का काय व्हनार हाय." लायगो-इंडिया! २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केलेली गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आणि प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही हजारो पट लहान हालचाल टिपण्याची तयारी. त्यासाठी जमिनीत थरथर कमीत कमी हवी, म्हणून देशभरातल्या जागा धुंडाळून ही निवडली. दूरवरच्या कृष्णविवरांची टक्कर ऐकायची तर आधी स्वतः स्थिर असावं लागतं. मला दोन खुर्च्या पलीकडचं ऐकू आलं नव्हतं.

रात्री त्या ज्युनिअरला मेसेज केला. तीनदा लिहून पुसला. शेवटी एवढंच लिहिलं : "त्या दिवशी मी चुकलो, सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. तू काय सांगत होतास ते ऐकायचंय."

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "ओके सर. हॅपी न्यू इयर."

त्याची बदली काही थांबली नाही, जानेवारीत तो गेलाच. पण जाण्याआधी आम्ही कॅन्टीनमध्ये तासभर बसलो. तो बोलला, मी मध्ये दोनदाच तोंड घातलं. जुन्या मॉड्यूलबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मडकं अजून कच्चंच आहे. पण निदान आता थाप पडली की कळतं!