मुसळ, अंडं आणि वहिनीचं जेवण

अंडं उभं राहतं, बॉस! कुठल्याही वारी, कुठल्याही तिथीला. लागतो फक्त पेशन्स आणि न हलणारं टेबल.

चीनमध्ये समजूत अशी, की वसंताच्या पहिल्या दिवशीच ते उभं राहतं. १९४७ मध्ये जपानी पेपरांत ती बातमी गाजली, तेव्हा हिमकणांचे अभ्यासक उकिचिरो नाकाया यांनी घरच्या टेबलावर अंडं उभं करून विषय संपवला. आपल्याकडे हा मान मुसळाचा. ग्रहण लागलं की परातीत पाणी, पाण्यात मुसळ. उभं राहिलं की लगेच फोटो: 'बघा ग्रहणाची शक्ती!'

एरवी मी अशा फॉरवर्डवर एक स्मायली टाकून मोकळी होते. पण २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, पुण्यात संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं आणि वहिनीला सातवा महिना. फॅमिली ग्रुपवरचा मुसळाचा फोटो दाखवत मावशीने फर्मान काढलं: मंगळवारी पहाटे वेध लागले की वहिनीने काही खायचं नाही, ग्रहण सुटेपर्यंत सुरी धरायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, उपाशी राहू नका. वहिनी बिचारी दोघांच्या मध्ये.

म्हणून रविवारीच मी माळ्यावरून आजीचं मुसळ काढलं. तिसऱ्या प्रयत्नात परातीत ताठ उभं!

"अमावास्या जवळ आलीये ना, म्हणून," मावशी म्हणाली.

"अगं, मग दर अमावास्येला उभं राहायला हवं. कधी करून बघितलंयस?"

फंडा साधा आहे. वस्तूचा गुरुत्वमध्य तिच्या पायाच्या बरोबर वर असला की ती पडत नाही. मुसळाचा बुडखा सपाट, त्यामुळे ते सोपं. अंड्याचं कवच गुळगुळीत वाटतं, पण त्यावर बारीक उंचवटे असतात. त्यातले तीन टेकले की झाली तिवई! फक्त ती इतकी चिमुकली, की गुरुत्वमध्य केसभर सरकला तरी अंडं आडवं. रुंद बाजू खाली ठेवायची आणि बोटं अगदी हळू सोडत ती जागा शोधायची. चंद्राचं म्हणाल, तर समुद्राला भरती आणणारा त्याचा ताण पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक कोटीवा भाग. समुद्राएवढ्या पसाऱ्यावर तो दिसतो. अंड्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मावशीच्या ओट्यावर अंडं चालत नाही. मी डायनिंग टेबलावर, पेपर अंथरून केलं. वीस मिनिटं लागली. मावशी लांबून बघत होती. उभं राहिलं तेव्हा तिने फॅन बंद केला, पडू नये म्हणून!

मंगळवारी दुपारी वहिनी वरण-भात जेवली. मावशी स्वतः उपाशी, जपाला बसलेली. मध्येच उठली, वहिनीच्या ताटात लिंबाची फोड वाढून गेली. सुरी मात्र तिने वहिनीच्या हाती लागू दिली नाही.