विसाचा आकडा

सातारा

चि. मुक्ता,


महिना झाला तरी बेड-मेकिंगच चाललंय, चादरीचे कोपरे दुमडायला बीएस्सी कशाला लागते, असं लिहितेस. रागावत नाही, मीही हेच म्हणायचे. चादरीची एक सुरकुती रात्रभर माकडहाडाखाली राहिली की काय होतं, ते वॉर्डात दिसेल. कातडी लाल होते, बोटाने दाबून सोडलं तरी लालीच राहते. तिथून बेडसोर सुरू. म्हणून तर दर दोन तासांनी कूस बदलायची. आम्ही अशा जागी स्पिरिट लावून खसाखसा चोळायचो. आता चोळू नका म्हणतात, तेच बरोबर. चोळल्याने आत आणखी इजा होते.

पण मला सांगायचंय ते श्वासाबद्दल. टीपीआर चार्टमधला श्वासाचा रकाना पहिल्या वर्षी रात्रपाळीला मी सरसकट 20 लिहून भरायचे. आधीच्या पाळीचाही 20 च असे. न्यूमोनियाचे एक आजोबा होते. ताप उतरलेला, बीपी ठीक. इन्चार्ज सिस्टरनी चार्ट पाहिला, मला कॉटपाशी नेलं. "नाडी झाली? हात सोडू नकोस. आता छाती बघ." मनगट धरूनच ठेवायचं, कारण श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. पूर्ण मिनिट मोजले. 34! मोठ्या माणसाचे 12 ते 20 असतात. बीपी पडायच्या आधी पुष्कळदा श्वासच वाढतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? डॉक्टरांना कॉल गेला, ऑक्सिजन लावला. सिस्टर ओरडल्या नाहीत. फक्त वॉर्डातल्या सगळ्यांचे श्वास मोजायला लावले. बरोबर वीस दोघांचेच निघाले.

नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांना माहीत. 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये त्यांनी रोग्याच्या निरीक्षणावर अख्खं प्रकरण लिहिलंय, ते लायब्ररीतून काढून वाच. "रात्र बरी गेली ना?" अशा मोघम प्रश्नांवर बाई भलत्याच चिडतात. किती तास झोपला, कधी जागा झाला, हे विचारायचं. तू घरी आल्यावर आईही तुला "बरी आहेस ना?" विचारेल, तिला माफ कर.

माझं जुनं, पिनेने लावायचं घड्याळ पाठवतेय. आठवड्याला पाच मिनिटं मागे पडतं, वेळ त्यात बघू नकोस. सेकंदकाटा मात्र श्वास मोजण्यापुरता अजून ठीक आहे.

तुझी,
मावशी