विरळ हवेतला पाव मैल

डेन्व्हरच्या टीव्हीवर हवामान सांगतात तेव्हा हवेचा दाब ३० इंचांच्या आसपास असतो, मुंबईचा असतो जवळपास तेवढाच. प्रत्येक गावाचा दाब समुद्रसपाटीचा हिशेब धरून सांगायची पद्धत आहे, म्हणजे गावागावांची तुलना करता येते. माझ्या मस्टँगच्या इंजिनाला त्या तुलनेचा काही उपयोग नाही. त्याच्या वाट्याला खरा दाब येतो तो साडेचोवीस इंचांचा. म्हणून बँडिमेर स्पीडवेवर, आमच्या शर्यतीच्या पट्टीवर, जाणत्या माणसांच्या खिशात हवामान मोजायचं छोटं यंत्र असायचं, आणि ‘आज हवा कशी आहे?’ हा तिथला रामराम होता.

बँडिमेर डेन्व्हरच्या पश्चिमेला, मॉरिसन गावाजवळ डोंगराच्या कुशीत होतं. १९५८ मध्ये जॉन बँडिमेर यांनी ते सुरू केलं आणि पुढे त्यांच्याच घराण्यानं चालवलं. उंची सुमारे ५,८०० फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहिलात तरी ही धावपट्टी तुमच्यापेक्षा चारशे फूट वरच. प्रेक्षकांच्या पायऱ्या डोंगराच्या उतारावरच बांधलेल्या. तिथे बसलं की खाली पाव मैलाची सरळ पट्टी आणि पलीकडे दूरवर सपाट मैदानी मुलूख दिसायचा.

ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्या, सरळ रस्ता आणि घड्याळ. वळण नाही, डावपेच फारसे नाहीत. त्यामुळे इंजिनाला मिळणाऱ्या हवेत थोडा जरी फरक पडला तरी तो लगेच घड्याळात उतरतो. पेट्रोल जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. ही हवा जेवढी दाट, तेवढा प्रत्येक घासात प्राणवायू जास्त. उंचीवर हवा विरळ, आणि तापली की आणखी विरळ. या दोन्हींचा एकत्र हिशेब करायला वैमानिक ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ वापरतात, आम्हीही तेच वापरतो. जुलैच्या दुपारी पारा ३५ अंशांवर गेला की बँडिमेरची हवा जवळपास ९,००० फुटांवरच्या हवेसारखी व्हायची. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेच्या तुलनेत जेमतेम तीन चतुर्थांश घनता. पाच लिटरच्या इंजिनाच्या पोटात सव्वा लिटर हवा भरलीच जात नाही म्हणा ना.

माझी मस्टँग पाच लिटर व्ही-एट, टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. समुद्रसपाटीच्या पट्टीवर ही गाडी पाव मैल बाराच्या घरात काढते. जुलैतल्या एका तापलेल्या दुपारी बँडिमेरवर माझ्या हातात आलेल्या वेळेच्या चिठ्ठीवर १३.८४ सेकंद होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, दहा अंशांच्या संध्याकाळी, त्याच गाडीनं, त्याच टायरांवर १३.४९ काढले. गाडीत एक बोल्टही बदलला नव्हता. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना सेकंदाच्या तीन-चार दशांशांचं काय एवढं, असं वाटेल. पण तेवढ्या वेळात ताशी १६० किलोमीटरनं सुटलेली गाडी पंधरा मीटर पुढे गेलेली असते.

दुपारच्या रांगेत काय काय चालायचं ते सांगते. बॉनेट उघडी ठेवून गाड्या एकेक जागा पुढे ढकलत न्यायच्या, कारण इंजिन चालू ठेवलं तर आतली हवा तापते. इंटेक मॅनिफोल्डवर बर्फाच्या पिशव्या. मी डॅशबोर्डखाली छोटा स्कॅनर लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघत बसायची. बाहेर ३५ असेल तर रांगेत उभ्या गाडीत ते सहज ६० अंशांवर जातं. ते फार वाढलं की नॉकिंग होऊ नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच टायमिंग मागे घेतो. म्हणजे हवा आधीच कमी, त्यात जी आहे तिचाही पुरता उपयोग नाही. बर्फानं मॅनिफोल्डचा धातू निवायचा, पिशवीतलं पाणी फेंडरवरून ओघळायचं, स्कॅनरवरचा आकडा हळूहळू उतरायचा. ४५ दिसला की पिशव्या काढायच्या, पुसायचं, बॉनेट लावायचं, हेल्मेट घालायचं.

पट्टीही तापते. दुपारी काँक्रीटला हात लावून बघितला तर लगेच मागे घ्यावा लागतो. एरवी टायर चिकटून राहावेत म्हणून त्यावर चिकट द्रव फवारतात आणि रबराचा थर बसवतात, पण अति उन्हात तोच थर तेलकट होऊन टायर घसरायला लागतात. बँडिमेरनं यावर खर्चिक उपाय केला होता. गाड्या सुटतात त्या भागात काँक्रीटखाली नळ्या घालून थंड पाणी खेळवलं होतं. मला त्या लोकांचं याबद्दल मनापासून कौतुक वाटतं. इतकी खटपट कुणी नुसत्या धंद्यासाठी करत नाही.

ब्रॅकेट रेसिंगमध्ये तर हवा वाचता येणं हेच कौशल्य. आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी काचेवर पांढऱ्या शू-पॉलिशनं लिहायचं आणि त्या आकड्याच्या जास्तीत जास्त जवळ पळायचं. त्यापेक्षा कमी वेळ लागला तर ब्रेकआउट, म्हणजे बहुतेक वेळा बाद. दुपारी लिहिलेला आकडा संध्याकाळी चालत नाही. डोंगर पश्चिमेला, त्यामुळे सूर्य लवकर आड जायचा, सावली पायऱ्यांवरून पट्टीवर यायची आणि अर्ध्या तासात हवा बदलायची. मी वहीत प्रत्येक फेरीसमोर तापमान, खरा दाब आणि आर्द्रता लिहीत असे. आर्द्रतेबद्दल बऱ्याच जणांची समजूत उलटी असते. दमट हवा जड वाटते, पण पाण्याची वाफ प्राणवायूची जागा अडवते आणि हवा हलकी करते. डेन्व्हरची कोरडी हवा ही तिथली इंजिनाला मिळणारी एकमेव सवलत.

एका उन्हाळ्यात पुण्याहून मामा आले होते. नाना पेठेत त्यांचं दुचाकींचं गॅरेज होतं, माझं अर्धं बालपण तिथे गेलंय. लेह-लडाखला बुलेट घेऊन निघणाऱ्या पोरांना ते धाकटा मेन जेट पुडीत बांधून देत आणि कुठे बदलायचा ते सांगत. खारदुंग ला वर हवा जवळपास निम्मी, पण कार्बोरेटरला ते कळत नाही. तो पेट्रोल जवळपास पूर्वीसारखंच सोडत राहतो, मिक्स्चर रिच होतं, प्लग काळा पडतो, गाडी धूर ओकते. मस्टँगचं बॉनेट उघडून मामांनी बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, “मामा, हिला जेट बदलावे लागत नाहीत. सेन्सर हवा मोजतो, कॉम्प्युटर पेट्रोल कमी करतो.”

“ते ठीक आहे गं,” मामा म्हणाले, “मिक्स्चर सुधारेल. पण हवा कुठून आणणार?”

माझ्या कॉलेजात चार वर्षांत इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांना मी बँडिमेरवरच्या जुलैतल्या मोठ्या शर्यतीला, माइल-हाय नॅशनल्सला घेऊन गेले. प्रो स्टॉक वर्गातल्या गाड्या त्यांना सगळ्यात भावल्या. या इंजिनांना दाबून हवा भरणारं काहीच नसतं, २०१५ पर्यंत तर तिथे कार्बोरेटरच होते. समुद्रसपाटीला साडेसहा सेकंदांत पाव मैल काढणाऱ्या या गाड्या डेन्व्हरला ६.९ च्या आसपास येत. टॉप फ्युएल वर्गाचं गणित निराळं. ११,००० अश्वशक्तीच्या त्या गाड्या नायट्रोमिथेनवर चालतात. त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो, त्यामुळे एक किलो इंधनाला १.७ किलो हवा पुरते. वर सुपरचार्जरही असतो आणि डेन्व्हरला तो जास्त वेगानं फिरवत. त्यामुळे डोंगराचा फटका त्यांना बसायचा, पण प्रो स्टॉकइतका नाही. पहिली जोडी सुटली तेव्हा मामांचे डोळे नायट्रोच्या धुरानं चुरचुरत होते आणि एक हात छातीवर होता. तो आवाज कानांनी कमी आणि बरगड्यांनी जास्त ऐकू येतो.

डेन्व्हर झालं की बऱ्याच वर्षी पुढच्याच आठवड्यात ही मंडळी कॅलिफोर्नियात सोनोमाला जायची. समुद्र जवळ, हवा गार आणि दाट. डेन्व्हरसाठी बसवलेलं सगळं, क्लच, कॉम्प्रेशन, पुलीचं प्रमाण, काही दिवसांत उलटं फिरवायचं. दाट हवेत ताकद अचानक वाढते आणि डेन्व्हरची सेटिंग तशीच राहिली तर टायर नुसते जागेवर फिरतात. टीव्हीवर विजेता दिसतो. माझ्या मते खरी शर्यत त्या दोन शनिवार-रविवारांमधल्या दिवसांत, ट्रेलरच्या सावलीत सुटे भाग मांडून बसलेल्या मेकॅनिकांची असायची.

म्हणूनच ‘डेन्व्हरचे आकडे वाईट’ असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही. अशा उंच पट्ट्यांसाठी ड्रॅग रेसिंगच्या संघटनेनंच दुरुस्तीचे गुणक ठरवलेले आहेत, आणि ते लावले की आमच्या चिठ्ठ्या समुद्रकाठच्या चिठ्ठ्यांच्या शेजारी ताठ मानेनं ठेवता येतात. टर्बोवाल्यांना मात्र तो गुणक जरा जास्तच उदार पडतो. टर्बो अधिक वेगानं फिरून तूट बरीचशी भरून काढतो. तो फुकट काही देत नाही, जास्त दाबलेली हवा जास्त तापते, इंटरकूलरचं काम वाढतं. पण दुपारच्या रांगेत माझ्या शेजारी टर्बोची गाडी उभी असली की हेवा वाटायचा, हे खरंच.

२०२३ च्या हंगामानंतर बँडिमेर बंद झालं. आता आम्ही दक्षिणेला प्वेब्लोच्या पट्टीवर जातो. ती बँडिमेरपेक्षा जवळपास हजार फूट खाली आहे, त्यामुळे पहिल्यांदा निघताना सगळ्यांनी खुशीत आकडे मांडले होते. पण प्वेब्लो तापतं जास्त. तिथे ३८ अंशांच्या दुपारी हवेची घनता बँडिमेरच्या ३० अंशांच्या दुपारएवढीच भरते. उंचीनं जे दिलं ते ऊन परत घेतं. म्हणून आम्ही पहाटे चारला घर सोडतो, सकाळच्या पहिल्या फेऱ्या गाठतो आणि अकराच्या सुमारास, यंत्रावरचा डेन्सिटी अल्टिट्यूडचा आकडा आठ हजार फुटांच्या वर चढला की गाडी ट्रेलरवर चढवतो.