पहिल्या हंगामाची उचल

१/
नोव्हेंबर १९९५. कटकमध्ये न्यूझीलंडविरुद्धचा कसोटी सामना आटोपला आणि त्याबरोबर विनोद कांबळीची कसोटी कारकीर्दही आटोपली. सामने १७, धावा १०८४, सरासरी ५४.२०, शतके चार आणि त्यांतली दोन द्विशतके. वय २३. पुष्कळ फलंदाजांच्या कारकिर्दीला ज्या वयात आरंभही होत नाही, त्या वयात याची कारकीर्द इतिहासजमा झाली. उमलती गुणवत्ता इतक्या लवकर का कोमेजते, याविषयी आजचा हा दीर्घ धागा. सवडीने वाचावा.

२/
मी घाटनांदूरचा. अंबाजोगाई तालुक्यातले, परळी–लातूर रोड लोहमार्गावरचे हे आमचे गाव. शाळेत इतिहास शिकवतो आणि उन्हाळ्यात टेनिस चेंडूच्या स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो. क्रिकेटच्या इतिहासावर लिहिणे हा एरवी मुंबई-पुण्याकडील मंडळींचा प्रांत. परंतु वरचा प्रश्न आता आमच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. तो कसा, ते ओघात येईलच.

३/
फेब्रुवारी १९८८, मुंबईचे आझाद मैदान. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना. शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. अधिक धावा विनोदच्या होत्या, हे आज अनेकांच्या स्मरणात नाही. शिवाय त्याने ३७ धावांत ६ बळीही टिपले. दोघेही रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. पुढच्या क्रमांकाचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसून राहिला. त्याच्याकडे आपण अखेरीस येऊ.

४/
कांबळीने रणजी करंडकातील आपल्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. १९९३ हे वर्ष तर त्याचेच होते. फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, मार्चमध्ये दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७, पुढे कोलंबोत श्रीलंकेविरुद्ध १२५ आणि १२०. कसोटीतील पहिल्या हजार धावांसाठी त्याला अवघे १४ डाव लागले. याहून कमी डावांत हा टप्पा गाठणे आजवर एकाही भारतीयाला जमलेले नाही, सचिनलाही नाही.

५/
मग १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. कोर्टनी वॉल्श आणि त्याच्या साथीदारांनी या डावखुऱ्या फलंदाजाच्या छातीच्या रोखाने चेंडू उसळवायला सुरुवात केली. फिरकीवर पुढे सरसावून तुटून पडणारी बॅट या उसळीपुढे गोंधळली. खात्यावर शून्येही जमा झाली. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्धची मालिका पावसात वाहून गेल्यासारखी झाली आणि तीच त्याची शेवटची ठरली. जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड यांनी पदार्पण केले आणि कसोटी संघाच्या मधल्या फळीत जागाच उरली नाही.

६/
याचे लोकप्रिय स्पष्टीकरण आपल्या सर्वांना पाठ आहे. डोक्यात हवा गेली, शिस्त नव्हती, चैन भोवली. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. तेथे खुर्चीवर बसलेल्या, थकलेल्या कांबळीने सचिनचा हात धरून ठेवल्याचे दृश्य देशभर फिरले. त्याखाली हळहळ होती, त्याहून अधिक उपदेश होता. घराघरांत मुलांना ते दृश्य दाखवून सांगितले गेले : बघ, असे होते.

७/
त्याच्या वर्तनाचा या कथेत काहीच वाटा नव्हता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक पथ्य पाळावे : शेवट ठाऊक झाल्यावर सुचलेल्या कारणावर चटकन विश्वास ठेवू नये. कानातली बाळी आणि बेदरकार वृत्ती १९९३ मध्येही होतीच. तेव्हा तिला आपण आत्मविश्वास म्हणत होतो. धावा आटल्या आणि त्याच गुणाचे नाव बदलले. तेव्हा कारणे अन्यत्रही शोधायला हवीत.

८/
पहिले कारण : प्रतिस्पर्धी अभ्यास करतो. नवख्या खेळाडूची पहिली लढत अनोळखी लोकांशी असते. वर्षभरात तो सर्वांच्या ओळखीचा होतो. पृथ्वी शॉचे उदाहरण पाहा. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्येच ५४६ धावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४, वय १८. मग डिसेंबर २०२०, ॲडलेड. समालोचन करणाऱ्या रिकी पाँटिंगने सांगितले की, आत येणाऱ्या चेंडूवर याच्या बॅट आणि पॅड यांमध्ये फट राहते. पुढच्या काही क्षणांतच स्टार्कचा चेंडू त्याच फटीतून स्टंपवर आदळला. दुसऱ्या डावातही तो त्रिफळाचीतच झाला. त्यानंतर शॉ कसोटी खेळलेला नाही.

९/
हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचे स्थान असते. प्रत्येक चालीचा चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि दोन-तीन क्षणांत तो कोणाकडे फेकायचा, हे त्याने ठरवायचे. एकाच वेळी कर्णधार आणि यष्टीरक्षक असल्यासारखी ही जबाबदारी. महाविद्यालयातून आलेले कोवळे क्वार्टरबॅक पहिल्या वर्षी चमकतात आणि दोन-चार वर्षांत दिसेनासे होतात, याची चर्चा तिकडे अखंड चाललेली असते.

१०/
वॉशिंग्टनच्या संघाने २०१२ मध्ये रॉबर्ट ग्रिफिनला मिळवण्यासाठी आपल्या पुढच्या वर्षांतील निवडीचे हक्क दुसऱ्या संघाला देऊन टाकले. त्याने पहिल्याच हंगामात नवोदितांचा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. जानेवारी २०१३ मध्ये आधीच दुखावलेल्या गुडघ्यावर तो खेळला आणि गुडघा निकामी झाला. परतला तेव्हा त्याची पळण्याची चपळाई उणावली होती आणि त्याच्या चालींवरचे उतारे प्रतिस्पर्ध्यांनी शोधले होते. २०१५ च्या संपूर्ण हंगामात त्याला एकाही सामन्यात उतरवले गेले नाही. २०१६ मध्ये त्याला मुक्त करण्यात आले.

११/
याउलट कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये घेतलेल्या पॅट्रिक महोम्सला पहिले वर्ष जवळजवळ पूर्ण बाकावर बसवले. अनुभवी ॲलेक्स स्मिथ खेळत असताना तो पाहत होता, शिकत होता. साखळीतला केवळ शेवटचा सामना त्याच्या वाट्याला आला. पुढच्याच वर्षी तो संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका उदाहरणाने सिद्धान्त होत नाही, हे खरे. तरी थांबण्याची मुभा ही सुद्धा एक शिकवणी असते, एवढे यातून दिसते.

१२/
दुसरे कारण आमच्याकडच्या शेतकऱ्याला न शिकवता कळते. एखाद्या वर्षी पाऊस वेळेवर येतो, किडीचा त्रास होत नाही आणि सोयाबीन असे काही उतरते की गावभर चर्चा होते. पुढच्या वर्षी उतारा कमी आला, म्हणून शेतकरी आळशी झाला असे कोणी म्हणत नाही. आपण ‘चमत्कार’ म्हणून निवडतो ती मुले मुळात ज्यांचा पहिला हंगाम असाधारण गेला तीच असतात. गुणाला जोड लाभलेली अनुकूलता दरवर्षी लाभत नाही. उतरणीचा काही भाग म्हणजे केवळ सरासरीकडे परतणे होय.

१३/
तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. उणीव उघडी पडल्यावर ती दुरुस्त करायला वेळ आणि माणसे कोण देते? सचिनला एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले शतक ७९ व्या सामन्यात मिळाले. तोवर संघाने त्याला वगळले नाही, कारण कसोटीत तो सिद्ध झाला होता. त्याच्या पाठीशी भाऊ अजित होता, शिवाजी पार्कजवळ काका-काकूंचे घर होते. कांजूरमार्गहून गर्दीची लोकल पकडून येणाऱ्या विनोदच्या वाट्याला एवढे सारे जुळून आले नव्हते. बंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी स्थापन झाली २००० मध्ये. कांबळीचा अखेरचा एकदिवसीय सामना ऑक्टोबर २००० चा.

१४/
गुणवत्ता संपली होती का? प्रथम श्रेणीत त्याच्या ९९६५ धावा आहेत, सरासरी ५९ च्या वर. ही संपलेल्या फलंदाजाची सरासरी नव्हे. उसळत्या चेंडूची अडचण ही शिकण्याजोगी गोष्ट होती. त्याने ती शिकली नाही, हे जितके खरे, तितकेच कोणी बसवून शिकवलीही नाही, हे खरे. मला तरी असे वाटते की, पहिले यश खेळाडूचे स्वतःचे असते; दुसरे यश मात्र तो आणि त्याच्या भोवतीची माणसे मिळून घडवतात.

१५/
आमच्या बीड जिल्ह्यात ‘उचल’ हा शब्द लहान मुलालाही ठाऊक आहे. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे आमच्या भाषेत एका ‘कोयत्या’ला, आगाऊ रक्कम देतो. पैसा आधी हाती येतो, घाम नंतर गाळायचा असतो. हंगामात उचल फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. अल्पवयात लाभणारी कीर्ती ही अशीच उचल आहे. जग पुढच्या वीस वर्षांच्या धावांचे कौतुक आजच मोजून देते आणि मग वसुलीला दारात उभे राहते.

१६/
६ फेब्रुवारी २०२४ रोजी एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताची ४ बाद ३२ अशी अवस्था असताना बीडच्या सचिन धसने ९६ धावा केल्या आणि भारत अंतिम फेरीत पोहोचला. आमच्या जिल्ह्याची बातमी एरवी दुष्काळाची, नाहीतर गुन्हेगारीची. त्या रात्री ऊर भरून आला. दुसऱ्या दिवसापासून घाटनांदूरच्या मैदानावर मुलांची संख्या दुपटीने वाढल्यासारखी वाटू लागली.

१७/
त्यांतल्याच एका चौदा वर्षांच्या डावखुऱ्या मुलाचे वडील गेल्या उन्हाळ्यात सामना संपल्यावर माझ्याजवळ आले. घरची जमीन दोन एकर. ते म्हणाले, “सर, एक एकर इकावं म्हणतो. पोराला पुण्याला ठिवतो. निघंल ना ते पुढं?” मुलाच्या हातात कौशल्य आहे, हे मी पंचाच्या जागेवरून पाहिले होते. तरी त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कोणाकडेच नसते.

१८/
मी म्हणालो, “दादा, जमीन राहू द्या. दहावी इथंच होऊ द्या, जिल्ह्याच्या निवड चाचण्या देऊ द्या. पुण्याच्या अकादमीत गेलात तर मैदान केवढं, यंत्रं किती, हे नंतर विचारा. पोरगं सलग चार वेळा शून्यावर बाद झालं, तर पाचव्या दिवशी सकाळी त्याला चेंडू टाकायला कोण उभं राहणार, हे आधी विचारा. नाव सांगितलं तर पुढं बोला.” ते बराच वेळ मैदानाकडे पाहत राहिले. म्हणाले, “हे तर कुणीच सांगितलं नव्हतं.” जमीन अजून विकलेली नाही. मुलगा रोज सायंकाळी खेळायला येतो.

१९/
आता अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा आणि तरी भारताकडून एकही सामना नाही. त्याला जगाने उचल दिलीच नाही. तो वर्षानुवर्षे केवळ घाम गाळत राहिला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. संयमाला फळ येतेच, असा सोपा बोध मी यातून काढणार नाही. कित्येकांच्या संयमाला काहीच मिळत नाही. परंतु दुसऱ्याच्या अपयशाच्या दिवशी त्याच्याजवळ उभे राहणारा माणूस किती मोलाचा असतो, हे पॅड बांधून ताटकळलेल्या मुलाहून अधिक कोणाला कळणार?

२०/
पुढच्या वर्षी कुठल्यातरी मैदानावर पुन्हा कोणी पोर पाचशे धावा करील. आपण त्याला ‘पुढचा सचिन’ म्हणू आणि पाच वर्षांनी ‘दुसरा कांबळी’ म्हणून मोकळे होऊ. या दोन नावांच्या मधली पाच वर्षे त्याच्याबरोबर कोण होते, हा प्रश्न आपण विचारत नाही. इतिहास लिहिताना तरी तो विचारला जावा, एवढ्यासाठी हा धागा. इति.