सरहद्द मोबाइलमधली

फाळणीनंतर आमच्या फुफी कराचीला गेल्या. त्यांच्या चिठ्ठीची वाट अल्लीपुरात महिनोन्‌महिने पाहावी लागे. पुढे हिंगणघाटच्या सायबर कॅफेत बसून ऑर्कुटवर आम्ही त्यांची नातवंडे शोधून काढली. २०१४ साली ऑर्कुट बंद झाले, तोवर दोन्ही घरे फेसबुकवर आली होती. मग टिकटॉक आले. २९ जून २०२० रोजी भारताने त्यावर बंदी घातली. पाकिस्तानातही २०२०-२१मध्ये अनेकदा बंदी आली, पण दरवेळी उठली. तिकडची मुले टिकटॉकवरच राहिली, आमची रील्सकडे वळली. मे २०२५मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारे टपालही थांबवले. आता उरले व्हॉट्सॲप. त्यावर ईदचा सलाम न चुकता येतो; मुलांचे हसणे-खेळणे मात्र कुणी आठवणीने पाठवले तरच दिसते.