काही करत नाही हो तो!

काशीगावात जुन्या बैठ्या घरांच्या शेजारी टॉवर उभे राहिले. जवळून महामार्ग जातो, मेट्रो ९ मार्गिकेचं स्थानक गावाचंच नाव लावतं आणि महामार्गापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर सुरू होतो. इथली नोकरदार माणसं सकाळी लवकर मुंबईची वाट धरतात, ती अंधार पडल्यावर परततात. त्यांच्या वन बीएचकेत पिल्लू यायचं ठरलं की घरात चर्चा होते ती जातीची, रंगाची आणि किमतीची. प्राण्यांवर उपचार करताना मला मात्र एकच प्रश्न आधी विचारावासा वाटतो: दिवसभर त्याच्यासोबत कोण असणार?

सोसायटीतल्या बऱ्याच भांडणांचं मूळ या प्रश्नात असतं. कुत्रा कळपात राहणारा प्राणी. दहा तास बंद दाराआड एकटा पडला की तो भुंकतो, रडतो, दार ओरबाडतो, सोफा फाडतो. शेजारी म्हणतात, कुत्रा वाईट आहे. मालक म्हणतो, शेजारी वाईट आहेत. खरं तर ते जनावर घाबरलेलं असतं. त्याला एकटं राहायला शिकवावं लागतं, तेही आधी दोन मिनिटं, मग पाच, मग अर्धा तास, असं हळूहळू. कामावर जाण्याआधी भरपूर फिरवणं आणि दुपारी कुणीतरी येऊन जाणं, हे तर हवंच. त्यातलं काहीच जमणार नसेल, तर पिल्लू न आणणं ही त्याच्यावरची मोठी माया ठरेल.

जातीचा विचार त्यानंतर. बीगल ही शिकारीसाठी घडवलेली जात. दूरवर ऐकू जाईल असा लांब सूर काढणं तिच्या रक्तात आहे आणि इमारतीच्या डक्टमधून तो सूर सगळ्या मजल्यांवर पोचतो. हस्कीच्या अंगावर बर्फाळ मुलखासाठी दुहेरी केस असतात. २००३ च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या एका जाहिरातीमुळे घराघरात पोचलेल्या पगचं नाक इतकं आखूड की त्याला धड धापाही टाकता येत नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास तळपायांनाच. शरीर थंड ठेवायला त्याच्याकडे मुख्यतः धापच असते. खाडीकाठच्या दमट हवेत मे महिन्यात भर दुपारी पगला फिरवणं जिवावर बेतू शकतं.

आता सोसायटीकडे वळू. 'आमच्या इमारतीत कुत्री चालणार नाहीत' असा ठराव सर्वसाधारण सभेत बहुमताने झाला, तरी तो टिकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत: पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत. त्याच सूचना मालकालाही सांगतात की सार्वजनिक जागेत पट्टा लावा, आवारात घाण होऊ देऊ नका. आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उलट, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मुक्या जनावराला छळण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे तो दहा ते पन्नास रुपये. इतका जुना हा आकडा अजून बदललेला नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

पण रोजचं जगणं कलमांवर चालत नाही, ते लिफ्टमध्ये ठरतं. दार उघडतं, आत एखाद्या आजी किंवा शाळकरी मूल उभं असतं आणि मालक हसून म्हणतो, "काही करत नाही हो तो!" या वाक्याने आजवर कुणाची भीती गेलेली नाही. कुत्र्याला भिणं हा दोष नव्हे. शिवाय लिफ्टमध्ये कुत्र्यालाही मागे सरकायला जागा नसते आणि चावण्याची शक्यता वाढते ती नेमकी पळवाट बंद झाल्यावर. म्हणून पट्टा आखूड धरायचा, कुत्र्याला कोपऱ्यात घेऊन आपण मध्ये उभं राहायचं आणि समोरचा कचरला तर पुढची लिफ्ट घ्यायची. माझ्या मते तक्रारी कमी करणारा याहून सोपा उपाय नाही.

लसीकरणाचं कार्ड घरातल्या कपाटात न ठेवता त्याची एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात द्यावी. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर. तरीही कुणाला दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. दुसरा आजार लेप्टोस्पायरोसिस, म्हणजेच लेप्टो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांना तो चांगलाच ठाऊक झाला. उंदरांप्रमाणे लागण झालेल्या कुत्र्याच्या लघवीतूनही त्याचे जंतू बाहेर पडतात, म्हणून पार्किंगमध्ये साचलेलं पावसाळी पाणी आणि त्याच कोपऱ्यात कुत्र्याला मोकळं करणं, हा मेळ धोक्याचा. लेप्टोची लस कुत्र्यांसाठी मिळते. ती टाळू नये.

मांजरांचं थोडं वेगळं. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांना आणलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली, पण अनेकींच्या छातीला मार बसला होता, काहींचे जबडे आणि पाय मोडले होते. मांजर पायांवरच पडतं असं समजून खिडकी उघडी ठेवायची नसते. कबुतरांसाठी लावतात तशी जाळी तिच्यासाठीही लावून घ्यावी. आणि जिन्यात फिनेलचा पोछा मारल्यावर लादी वाळेपर्यंत मांजराला बाहेर सोडू नये. पंजे चाटताना ते पोटात जातं आणि मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही.

काशीगावच्या बाबतीत आणखी एक शेजारी मोजावा लागतो. राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्रीही असतात. डिसेंबर २०२५ मध्ये भाईंदर पूर्वेच्या एका निवासी इमारतीत बिबट्या शिरला आणि काही जण जखमी झाले. उघड्यावर टाकलेल्या उष्ट्याभोवती कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. खालच्या भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांशी भांडून हे थांबत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून द्यायची असते, जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. तिथे उष्टं मागे राहू द्यायचं नाही आणि निर्बीजीकरणासाठी महापालिकेचा पाठपुरावा सोडायचा नाही. डोंगराच्या कडेला राहणाऱ्यांनी रात्री उशिरा कुत्र्याला लांब पट्ट्यावर झाडीकडे नेऊ नये.

दिवाळीत फटाक्यांना बिथरून पळालेली कुत्री रस्ता चुकतात. गळपट्ट्यावर फोन नंबर आधीच लिहून ठेवावा. संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणावं, खिडक्या लावून, पडदे ओढून, पंख्याचा किंवा टीव्हीचा आवाज चालू ठेवून आतल्या खोलीत बसू द्यावं, पलंगाखाली शिरलं तर ओढून काढू नये. फार घाबरणाऱ्याला औषध लागतं. त्यासाठी डॉक्टरांकडे वसुबारसेच्या आठवडाभर आधी जावं, कारण मात्रा बसवायला दिवस लागतात.