दौरा

मोठ्या गायकाचा जलसा मी अद्याप प्रत्यक्ष पाहिलेला नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाचणाऱ्याची फसगत व्हायला नको. परंतु अशा एका जलशाच्या रांगेत मी एकदा उभा होतो. ती रांग मुंबईत नव्हती आणि लाखनीतही नव्हती. ती मित्राच्या मोबाइलमध्ये होती.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. 'कोल्डप्ले' या इंग्लंडच्या वाद्यवृंदाचे जानेवारीत नवी मुंबईला कार्यक्रम व्हायचे होते आणि त्यांची तिकिटे दुपारी बारा वाजता 'बुक माय शो'वर निघणार होती. आम्हांला तिकीट घ्यायचे नव्हतेच. सर्वांत स्वस्त तिकीट अडीच हजारांचे. वर विदर्भ एक्सप्रेसचे भाडे, राहणे, खाणे. पण रांगेत उभे राहायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी व माझा एक वर्गमित्र आमच्या पडवीत मोबाइल घेऊन बसलो. आमच्यापुढे सात लाखांहून अधिक माणसे होती. आकडा हळूहळू उतरत होता आणि आम्ही उगाचच श्वास रोखून धरला होता.

शेजारी बाबा आपल्या पायपेटीच्या भात्याला चामड्याची पट्टी चिकटवीत बसले होते.

"का पाहून रायलास, बाबू?"

"तिकिटाची रांग."

"मोबाइलमंदी रांग?"

मी समजावून सांगितले. नवी गाणी काढली की हे गायक गावोगाव, देशोदेशी फिरतात, तीच गाणी लोकांसमोर गातात. बाबांनी डिंकाची बोटे धोतराला पुसली आणि ओळखीचे माणूस भेटावे तसे म्हणाले, "म्हंजे दौराच का!"

त्या शब्दाने मित्र हसला. मीही हसलो. आज लिहिताना ते हसू आठवते.

कारण बाबांचे काही चुकले नव्हते. कोल्डप्लेचा तो दौरा १८ मार्च २०२२ रोजी कोस्टा रिका या देशातील सान होसे शहरी सुरू झाला. २०२१ साली 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' हा त्यांचा गीतसंच निघाला होता, त्याच्यासाठी. वाटेत ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मून म्युझिक' हा नवा संच आला आणि त्यातली गाणीही दौऱ्यात सामील झाली. आपल्या महाराष्ट्राला असे दौरे नवे नाहीत. मायकेल जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात गायला, तो त्याच्या 'हिस्टरी' या संचाच्या दौऱ्यावरच. तेव्हा विद्यार्थी असलेल्या आमच्या काही प्राध्यापकांना त्या वेळची वर्तमानपत्रे आठवत असतील. पूर्वी ध्वनिमुद्रिका खपावी म्हणून गायक हिंडत. आता गाणे मोबाइलवर जवळजवळ फुकट मिळते, तेव्हा मिळकत होते ती हिंडण्यातूनच. गाणे आधी घरोघरी पोहोचवायचे आणि मग त्याच्यामागून आपण जायचे, असा उलटा व्यवहार झाला आहे.

आणि आमच्या झाडीपट्टीत काय होते? भंडारा-गोंदियाच्या वाचकाला हे सांगणे म्हणजे धानवाल्याला धान दाखवणे; तरी आमचे काही प्राध्यापक बाहेरगावचे आहेत, म्हणून सांगतो. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटकमंडळ्यांची कार्यालये आहेत. दिवाळीच्या आत नवे नाटक बसवायचे, भाऊबीज झाली की निघायचे आणि होळीपर्यंत आज हे गाव तर उद्या ते गाव. कुठे मंडई, कुठे शंकरपट. दिवसा बैल धावतात आणि रात्री नाटक. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पट थांबले, तेव्हा बाबांच्या रात्रीही कमी झाल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि पट पुन्हा भरू लागले. नाटकात गाणी असतात, मधूनमधून नाच असतो, आणि रंगमंचाच्या पुढे वाजविणारे बसतात. माझे बाबा त्यांच्यात बसतात. गेली सव्वीस वर्षे ते पायपेटी वाजवीत आहेत.

हे मी या महाविद्यालयात आजवर कोणाला सांगितले नव्हते. प्रवेश-अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेती' असे लिहिले. ते खोटे नाही, दीड एकर धान आहे. पण त्या दीड एकरावर माझी फी निघत नाही, हेही खरे आहे. पहिल्या वर्षी वर्गात कोणीतरी 'नाटकवाल्यांची पोरे' असा शब्द वापरला होता. माझ्याविषयी नव्हता तो, तरी मी बाकावर जरा खाली सरकलो. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ती बातमी मी आईला दोनदा वाचून दाखविली. वर्गात मात्र नाही.

यंदाच्या हंगामात आणखी एक गोष्ट घडली. मंडळीच्या मालकांनी कीबोर्ड वाजविणारा एक तरुण आणला. चांगला पोरगा आहे, हात चपळ आहे, आणि त्याच्या एका पेटीतून बासरी, सतार, ढोल सगळे निघते. बाबांकडे नांदी आणि दोन-चार जुनी पदे राहिली. पुढच्या वर्षी काय, हे मालक बोलले नाहीत आणि बाबांनी विचारले नाही. घरात आईने विचारले, तेव्हा बाबा म्हणाले, "पाहू." आमच्या घरात 'पाहू' म्हणजे काय ते सर्वांना कळते.

तिकडे नवी मुंबईचे तीन कार्यक्रम १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ला झाले. पंचवीस-सव्वीसला अहमदाबाद, आणि सव्वीसचा कार्यक्रम तेव्हाच्या डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवणार असल्याचे जाहीर झाले. मी आठवडाभर डेटा जपून ठेवला. परंतु नेमके त्याच रात्री लाखनीहून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावी बाबांचे नाटक होते. बाबांचा मोतीबिंदू पिकत आला आहे, त्यांना रात्री गाडी चालविता येत नाही. एरवी मंडळीची गाडी घेऊन जाते. गाव जवळचे असले की मी सोडतो.

सकाळी महाविद्यालयात झेंडावंदन केले, संध्याकाळी पायपेटी गाडीमागे दोरीने बांधली आणि निघालो. पेटी आडवी बांधली की बाबांना बसायला वीतभर जागा उरते. थंडी मरणाची होती. गावी पोचताच बाबा वाद्यांच्या जागी गेले आणि मी पडद्यामागे एका ट्रंकेवर, कानात तार घालून बसलो.

काय सांगावे ते दृश्य! लाखाहून अधिक माणसे, प्रत्येकाच्या मनगटावर दिवा लागलेले कडे, आणि सगळी कडी एकदम निळी, एकदम लाल व्हायची. आमच्या तलावावर काजवे दिसतात त्याच्या हजारपट. या दौऱ्यात ते लोक प्रेक्षकांना सायकली मारायला लावीत, उड्या मारायला खास जमीन अंथरीत आणि त्यातून निघालेली वीज बॅटऱ्यांत साठवून कार्यक्रमासाठी वापरीत, असे मी आधी वाचले होते. (शेतीच्या पंपाला रात्रीची वीज मिळणाऱ्या आमच्या भागात ही कल्पना कोणी तरी मांडून पाहावी. सायकली आहेत.)

नाटक नऊचे, आणि नवल म्हणजे सव्वानऊलाच पडदा वर गेला. नांदी झाली. मी एका कानाने ऐकली. पहिला प्रवेश सुरू झाला, कीबोर्डवर एक झोकदार तुकडा वाजला, आणि वीज गेली.

झाडीपट्टीत वीज जाणे ही काही बातमी नव्हे, जनरेटर असतो. त्या रात्री तो खोकला आणि गप्प झाला. कीबोर्ड मुका, ध्वनिक्षेपक मुका. मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. आणि त्या अंधारात, कोणी न सांगता, पायपेटी सुरू झाली. नांदीचीच चाल बाबांनी पुन्हा धरली होती. पायपेटीला वीज लागत नाही, पाय लागतात. पायटे दाबण्याचा खटखट आवाजही ऐकू येत होता. तबलजी त्यांना मिळाला. शिट्ट्या पुढून मागे अशा ओसरत गेल्या.

विंगेत प्रॉम्प्टर संहिता छातीशी धरून उभा होता. त्याला ओळ दिसेना आणि रंगमंचावरच्या नटाला पुढचे वाक्य आठवेना.

"ए पेटीमास्तरच्या पोरा, बत्ती दाखव!"

मी एक क्षण थांबलो, हे कबूल करतो. मोबाइलमध्ये तो गायक पियानोवर बसत होता. मग मी कानातली तार ओढली, टॉर्च लावला आणि वहीवर धरला. पंचवीस-तीस मिनिटे तसाच धरून उभा राहिलो. मुठीत अहमदाबाद चालू होते, चित्र माझ्या तळहाताकडे होते, आवाज बंद होता. प्रॉम्प्टर ओळ सांगे, नट ती ओरडून म्हणे आणि दोन ओळींच्या मध्ये बाबा जागा भरून काढीत. मी अंधारात त्यांच्याकडे पाहत होतो. लहानपणी मी त्यांच्या पायांशी झोपत असे. जागेपणी, पहिल्या प्रवेशापासून ऐकण्याची मला वाटते ती पहिलीच वेळ. जनरेटर सुरू झाला तेव्हा कीबोर्डवाल्या पोराने आपले बोट कळीवर ठेवले आणि उचलले. बाबांचे पद पुरे होईपर्यंत तो थांबला.

त्या रात्री प्रजासत्ताक दिन म्हणून कोल्डप्लेच्या गायकाने 'वंदे मातरम्' गायल्याचे मी दुसऱ्या दिवशी वाचले. ते माझे हुकले.

पहाटे पाचला आम्ही परत निघालो. बांध्यांतल्या लाखोरीवर धुके बसले होते. मालक बाबांशी काही बोलले का, हे विचारावे असे रस्ताभर मनात होते, विचारले नाही. लाखनी जवळ आली तेव्हा मागून बाबांनीच विचारले,

"तुझा तो गानारा... कितीला सुटला?"

"दहाला."

"रातच्या दहाला?" बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. पेटीची दोरी त्यांनी एकदा चाचपून पाहिली. "मंग एवढ्या लोकायनं रात कोठी काढली?"